अकरा खुंट

एव्हरिलकडे मी दरवर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जाते. उन्हाळ्यात स्केलसीला जाणं म्हणजे बादल्या-फावडी घेतलेली पोरं, आइसक्रीमच्या रांगा आणि कुणाच्या तरी टॉवेलवर पाय पडला म्हणून माफी मागत फिरणं. ऑक्टोबरात सगळं बंद असतं. किनाऱ्यावर पोरांना पाठीवर घेऊन फिरणारी गाढवंसुद्धा सुट्टीवर गेलेली असतात. मला तेच बरं वाटतं.

एव्हरिलने आणि मी हडर्सफील्डच्या एका मोठ्या दुकानात एकोणतीस वर्षं पडदे शिवले. आमची मशिनं समोरासमोर होती. कापड मोजायची रीत ठरलेली होती: टोक नाकाशी धरायचं, हात लांब करायचा, बोटाच्या टोकापर्यंत एक वार. टेप नवशिक्यांसाठी. अजूनही कुणाच्या घरी गेले की मी आधी पडदे बघते आणि मनात म्हणते, दोन बोटं आखूड. हा रोग आहे, मला मान्य आहे.

निवृत्त झाल्यावर एव्हरिल आणि तिचा नवरा विल्फ यांनी स्केलसीबाहेर क्लिफ लेनच्या टोकाला एक बैठं घर घेतलं. समुद्राकाठी म्हातारपण काढावं हे आमच्याकडे निम्म्या लोकांचं स्वप्न असतं, आणि उरलेले निम्मे त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जातात. तिथली जमीन सगळी चिकणमातीची. समुद्र ती खालून खातो. कधी वर्षाला एक वार, कधी तीन, कधी दोन वर्षं काहीच नाही आणि मग एका दुपारी एकदम पाच. घर घेतलं तेव्हा मागच्या भिंतीपासून कड्यापर्यंत चाळीस वार होते. विल्फ म्हणाला होता, आपल्या दोघांना पुरून उरेल. त्याने भिंतीपासून कड्यापर्यंत दर वाराला एक पांढरा खुंट ठोकला आणि प्रत्येकावर काळ्या रंगाने आकडा घातला. भिंतीजवळचा एक, कड्यावरचा चाळीस. खुंट पडला की दोघं शेरीचा एकेक पेला घ्यायची आणि म्हणायची, चला, आणखी एक गेला. विल्फला जमीन पुरली. तीन वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा सतरा खुंट उरले होते.

नऊ वार उरले की घर सोडायचं, असा नियम होता. कौन्सिलचे मिस्टर गारसाइड एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरच्या शेवटी स्वतः येऊन मोजायचे. मधल्या काळात फोन करून विचारायचे, आज किती? विचारलं की माणूस खरं सांगतो, या एका समजुतीवर आमच्या देशाचा निम्मा कारभार चालतो. सप्टेंबरच्या पत्रात एव्हरिलने मला लिहिलं होतं, "अकरा. बाकी सगळं ठीक. या वेळी जरा जास्त दिवस राहा."

मी सोमवारी दुपारी पोचले. आठवडाभर पाऊस लागून राहिला होता, त्या दिवशी जरा उघडला होता. शेजारच्या घराच्या जागी फक्त फाटक आणि पत्रांची पेटी उरली होती. एव्हरिल दारातच उभी होती. मिठ्या वगैरे आम्ही मारत नाही. ती म्हणाली, बसला उशीर झाला वाटतं. मी म्हटलं, सहा मिनिटं. झालं आमचं स्वागत.

तिच्या पुढच्या दारातून आत शिरलं की एक सरळ बोळ लागतो, आणि बोळाच्या टोकाला समुद्राकडची खोली. घरातली सगळ्यात चांगली खोली म्हणून ती नेहमी पाहुण्याला मिळते. या वेळी तिथे दोन पलंग होते.

"मीही इथेच झोपणारे," एव्हरिल म्हणाली. "गप्पा होतील. स्कारबरोला नव्हतो का आपण एका खोलीत?"

स्कारबरोच्या सहलीत आम्ही बावीस वर्षांच्या होतो, आणि तिच्या घोरण्यापायी मी तिन्ही रात्री जागून काढल्या होत्या. पण मी म्हटलं, छानच. खिडकीजवळचा पलंग तिने मला दिला. दार लावायला गेले तर ते चौकटीत बसेना. वरच्या कोपऱ्यात अडत होतं, खाली अंगठाभर फट राहत होती. भिंतीवर, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक तडा निघाला होता आणि त्यावर तिने दिनदर्शिका टांगली होती. मी दोन्ही पाहिलं. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर दारं आणि भिंती यांच्याबद्दल बोलायचं नसतं, देखाव्याबद्दल बोलायचं असतं. काय सुरेख दिसतंय, मी म्हटलं. खिडकीतून गवत दिसत होतं, गवतात जिरेनियमच्या कुंड्यांची एक रांग, त्यामागे खुंट आणि मग समुद्र. समुद्र मला मागच्या वर्षीपेक्षा मोठा वाटला. मी चष्मा पुसून पाहिला.

चहा झाल्यावर तिने मला दोरीवरचे कपडे आणायला पाठवलं. अंगणात पाऊल टाकलं आणि मला काहीतरी खटकलं. खुंट सगळे होते, एकपासून अकरापर्यंत, एका ओळीत, पांढरेशुभ्र. पण पडद्याला चुण्या जास्त पडल्या की नऊ वार कापड जसं चार वारांत मावतं, तसे ते मला दिसले.

दोरीवर एक टेबलक्लॉथ होता. तो आम्हा दुकानातल्या बायकांनी तिच्या लग्नात दिलेला, किनार मी स्वतः घातलेली. बरोबर दोन वार. मी इकडेतिकडे पाहिलं आणि तो ओल्या गवतावर अंथरला. दोन वारांत खुंटांमधल्या दोन जागा बसायला हव्यात. साडेतीन बसल्या. दोनदा मोज आणि एकदा काप, असं आम्हाला शिकवलेलं. मी तीनदा मोजलं. मागच्या भिंतीपासून कड्यापर्यंत अकरा खुंट होते आणि जमीन साडेसहा वार.

भीती मला आधी पायांत वाटली. उचललेलं पाऊल खाली ठेवावंसं वाटेना. खुंट काही चालत नाहीत. कुणीतरी ते उपटून पुन्हा ठोकले होते, आणि जिने ठोकले तिचं काम मी अंधारातही ओळखलं असतं. प्रत्येक जागा एकवीस इंच. एक कमी नाही, एक जास्त नाही. मागच्या दाराशी विल्फचा लाकडी हातोडा होता आणि त्याला ताजी माती लागलेली होती.

मी घड्या घालून कपडे आत नेले. टेबलक्लॉथवर गवताचे हिरवे डाग पडले होते. एव्हरिलने डागांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पुन्हा धुऊन टाकू, ती म्हणाली, आणि मग विचारलं, साखर अजून एकच चमचा ना? मी हो म्हटलं. रात्रीच्या जेवणाला थंड हॅम होता, बीटाचं लोणचं होतं, फ्रूटकेक होता. टीव्हीवर प्रश्नमंजुषा लागली होती आणि आम्ही उत्तरं देत होतो. त्या रात्रीबद्दल एवढंच सांगते की ती घोरत होती, आणि समुद्राचा प्रत्येक धक्का माझ्या पलंगाच्या पायांतून माझ्या दातांपर्यंत येत होता.

मंगळवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी फोन वाजला. मिस्टर गारसाइड होते.

"अकरा," एव्हरिल म्हणाली. "नाही नाही, त्रास कसला? अहो, माझी मैत्रीण आलीये. नॉर्मा हेग. पडदे शिवायची माझ्याबरोबर. तिची नजर म्हणजे टेपच. तिलाच विचारा ना."

आणि तिने फोन माझ्या हातात दिला. मग माझ्याकडे पाठ करून पावाला लोणी लावत बसली.

मिस्टर गारसाइड फार सभ्य माणूस. नाश्त्याच्या वेळी त्रास देतोय म्हणून त्यांनी आधी माफी मागितली, मग विचारलं, किती खुंट दिसतायत तुम्हाला?

माझ्या तोंडात तिचा पाव होता. घर तिचं, फोन तिचा, मी कालची आलेली पाहुणी. "अकरा," मी म्हटलं.

त्यांनी आभार मानले. पाऊस फार झालाय, म्हणून महिनाअखेरीची वाट न बघता गुरुवारीच येऊन जातो म्हणाले. फोन ठेवल्यावर मला स्वतःची इतकी लाज वाटली की दुसरा पाव घशाखाली उतरेना. पण मी तो खाल्ला, कारण तिने माझ्यासाठी लोणी लावून ठेवला होता. आमच्या लोकांना लाजेने मरण आलं तरी चालतं, पण वाईट दिसलेलं चालत नाही.

दहाच्या सुमाराला मी रेनकोट घालून पुन्हा मागे गेले. या वेळी मला त्या कुंड्यांनी बोलावलं होतं. नऊ कुंड्या, अंगणाच्या मधोमध, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. फुलझाडांची जाण असलेली बाई वाटेत अशी रांग कधी लावणार नाही. मी मधली कुंडी उचलली.

खाली जमीन उघडी होती. तळहाताएवढी रुंद भेग, तिच्या काठांवरचं गवत अजून हिरवं. माझ्या खिशात कालचा कपडे वाळत घालायचा चिमटा राहिला होता. तो मी आत टाकला आणि कान दिला. तो कुठे पडल्याचा आवाज आलाच नाही. खूप खाली पाणी चालल्यासारखं ऐकू येत होतं. मी रेनकोटचा पट्टा काढला, नाकाशी धरून वार पाडला, आणि भेगेपासून खिडकीखालच्या भिंतीपर्यंत मोजलं. पावणेतीन वार. अकरापैकी सात खुंट भेगेच्या पलीकडे होते. म्हणजे ते जाताना एकेक जाणार नव्हते. सगळे एकदम जाणार होते, आणि त्यांच्यामागून काय जाईल ते सांगायला कौन्सिलचा माणूस नको होता.

मी कुंडी होती तशी परत ठेवली. मोठं पान घराच्या बाजूला होतं, तेसुद्धा तसंच वळवून ठेवलं. मग आत गेले.

एव्हरिल स्वयंपाकघरात कप पुसत होती.

"कुंड्या छान लावल्यास," मी म्हटलं.

"सरळ आल्यात ना?"

"एव्हरिल, त्यांच्याखाली..."

"माहितीये गं मला." तिने कप दिव्याकडे धरून पाहिला. "लीड्सला मुलाकडे वरची खोली आहे. खिडकीतून गॅरेज दिसतं. सून चांगली आहे, जेवण ट्रेमध्ये घालून वर आणून देईल. मग मी तिथे बसून कुणाची वाट बघू? इथे निदान समुद्र येतोय. दरवर्षी दोन-दोन वार. माझ्याकडे यायला दुसरं कोण एवढं झटतं, सांग बघू."

"मी येते की."

"तू ऑक्टोबरात येतेस," ती म्हणाली. त्यात बोचणी नव्हती, म्हणून जास्त लागलं.

मग मी विचारलं, दोन पलंग कशासाठी? तिने किटली उचलली, पाणी कमी वाटलं म्हणून पुन्हा भरली.

"एकटीला नको वाटतं गं. आवाज येतात. कुणीतरी बरोबर असावंसं वाटतं. तू असलीस की मग..."

ते वाक्य तिने तिथेच सोडलं. मला ते पूर्ण समजलं. ती जमिनीबरोबर जाणार होती, आणि एकटीने जायची तिला भीती वाटत होती, म्हणून मला जास्त दिवस राहायला बोलावलं होतं. यात आपण कुणाचं वाईट करतोय असं तिच्या मनातही आलं नसावं. पाहुणीला तिने खिडकीजवळचा पलंग दिला होता. मला तिचा इतका राग आला की हातात घेतलेला पुसलेला कप खाली ठेवावा लागला. मग तिच्या हातातल्या किटलीकडे लक्ष गेलं. झाकण एकसारखं वाजत होतं, आणि रागाची जागा पुन्हा भीतीने घेतली. गुरुवारपर्यंत दोन दिवस होते. बाहेर पाऊस परत सुरू झाला होता.

तिला बाहेर कसं काढायचं? चल म्हटलं तर ती म्हणाली असती, गुरुवारनंतर बघू. गारसाइडना फोन करायचा तर फोन तिच्या कोपराशी. ओढून न्यायला मी काही तरुण नाही. पण एक गोष्ट मला माहीत होती. स्वतःसाठी एव्हरिल खुर्चीवरून उठली नसती, पण दुसरं कुणी आजारी असेल तर ती चार मैल बर्फातून चालत जाते. माझ्या आईच्या खोकल्याच्या औषधासाठी ती तशी गेली होती.

तेव्हा मी आजारी पडले. छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, मला बरं वाटत नाहीये.

तिने ताबडतोब किटली खाली ठेवली. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावते म्हणाली. मी म्हटलं, अ‍ॅम्ब्युलन्स नको, ती खरंच आजारी असलेल्यांना लागते. खोटं बोलतानाही आमचं हे असं. मग तिने गावात टॅक्सीला फोन केला: दोन बायका, दवाखान्यात जायचंय, घाई आहे, पण गाडी सावकाश चालवा. वीस मिनिटं लागतील असं उत्तर आलं. मला हवेत बसायचंय म्हटल्यावर तिने फाटकाबाहेर खुर्ची नेऊन ठेवली, माझ्या गुडघ्यांवर घोंगडी घातली, हातात छत्री दिली. स्वतःही कोट चढवून, टोपीला टाचणी लावून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. आम्ही दोघी गल्लीत होतो, घर आमच्या मागे होतं. दवाखान्यात पोचले की तिथून गारसाइडना फोन करायचा, एवढंच आता राहिलं होतं. जिंकलो, असं मला वाटलं.

"तुझ्या गोळ्या?" एव्हरिलने विचारलं. "छातीच्या गोळ्या असतील ना? डॉक्टर विचारतील."

खोटं बोलायची सवय नसली की माणूस एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू देतो. हो, खिडकीत ठेवल्यात, मी म्हटलं. खिडकीत खरंच एक पाकीट होतं. कुठल्या खिडकीत ते मला बोलून झाल्यावर आठवलं, आणि तोवर ती फाटकातून आत गेली होती. एकाहत्तर वर्षांची बाई, पण दुसऱ्याच्या कामाला अजून वाऱ्यासारखी धावते.

मी हाक मारली. तिला ऐकू गेली नाही, किंवा गेली असेल. गल्लीच्या वळणावर टॅक्सी दिसली, आणि त्याच वेळी तो आवाज झाला. फार मोठा नव्हता. ओल्या गालिच्यांचा गठ्ठा ट्रकमधून खाली टाकला की होतो तेवढाच. माझ्याखालची खुर्ची एकदा हलली.

पुढचं दार उघडं होतं. त्यातून बोळ दिसत होता, बोळाच्या टोकाचं न लागणारं दार, आणि त्यापलीकडे खिडकी. खिडकीत गवत नव्हतं. कुंड्या नव्हत्या. काचेच्या खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत नुसतं करडं पाणी होतं. एव्हरिल दोन पलंगांच्या मध्ये, माझ्याकडे पाठ करून उभी होती.

मी छत्री टाकली आणि आत धावले. खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेले. पुढे पाय उचललाच नाही, हे मी लपवणार नाही. बोळातली जमीन समुद्राकडे उतरती लागत होती आणि छताचा चुना माझ्या केसांत पडत होता.

"एव्हरिल, बाहेर ये. मी आजारी नाहीये. खोटं बोलले मी."

"माहितीये," ती म्हणाली. "तू छातीच्या उजव्या बाजूला हात ठेवलास."

"अकरा नव्हते. मी मोजलेत. साडेसहा होते."

"सव्वासहा. तो टेबलक्लॉथ धुऊन धुऊन आटलाय." ती माझ्या पलंगावर, खिडकीजवळ बसली. "तू जा, नॉर्मा. मला वाटलं होतं, तू असलीस की जमेल. पण तुझ्या देखत नाही जमायचं. तू जा."

भिंतीवरची दिनदर्शिका खाली पडली. तिच्यामागच्या तड्यातून आता उजेड येत होता. मला ओरडायचं होतं, तिच्या मुलाचं नाव घ्यायचं होतं, विल्फची शपथ घालायची होती. तेवढ्यात बाहेर टॅक्सीचा भोंगा वाजला. एकदाच, हळू, माफी मागितल्यासारखा.

"तो माणूस थांबलाय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "पावसात आलाय तो. फोनवर तू त्याला दोघी सांगितल्यास."

ती काचेकडेच बघत राहिली.

"दोघी सांगितल्यास, एव्हरिल. आता एकटीच जाऊन बसले तर त्याला काय वाटेल? तो वाट बघत राहील ना तुझी."

एव्हरिलने आयुष्यात कधी कुणाला ताटकळत ठेवलेलं नाही. दुकानात तिच्या पडद्याची वेळ कधी चुकली नाही, आणि लग्नाच्या दिवशी ती नवऱ्याच्या आधी चर्चमध्ये हजर होती. तिने मान वळवली. चेहरा खूप दमलेला होता.

"मग आधी नाही का सांगायचं?" ती म्हणाली.

ती उठली. बसली होती तिथली चादर हाताने सारखी केली. खिडकीतलं गोळ्यांचं पाकीट तिने आधीच उचलून मुठीत धरलेलं होतं. सावकाश चालत बाहेर आली आणि सवयीने मागे वळून दार ओढलं. दोन दिवस न लागलेलं ते दार या वेळी चौकटीत अगदी नीट बसलं. ते पाहून माझ्या पाठीतून जी कळ गेली ती अजून पुरती गेलेली नाही. मी तिचा दंड धरला. बोळातून फाटकापर्यंत आम्ही पळालो नाही, कारण ती पळाली नसती.

गाडीत बसल्याबसल्या तिने टॅक्सीवाल्याची माफी मागितली. तो म्हणाला, काही नाही हो बाई, आत्ताच आलो. क्लिफ लेन मागे पडेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही. मग मूठ उघडून पाकिटावरचं नाव वाचलं.

"नॉर्मा, या अ‍ॅसिडिटीच्या आहेत."

"हो."

"मग एक घे. तोंड बघ आरशात."

मी घेतली. गोळी तिनेच पाकिटातून काढून दिली. दवाखान्याच्या दाराशी आम्ही कुणालाही त्रास न देता बाकावर बसलो, आणि तिथल्या फोनवरून मी गारसाइडना सगळं सांगितलं. समुद्राकडची खोली बारा वाजून दहा मिनिटांनी गेली, दोन्ही पलंगांसकट. त्यांची माणसं तेव्हा नुकतीच गल्लीत पोचली होती.

गुरुवारी मिस्टर गारसाइडनी मला घरी, हडर्सफील्डला फोन केला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मिसेस हेग, तुम्ही अकरा म्हणाला होतात."

"अकरा खुंट होते," मी म्हटलं.

ते म्हणाले, हो, बरोबर आहे, मी खुंटच विचारले होते. मी स्वतः यायला हवं होतं. आणि म्हणाले, त्या खोलीत कुणी असतं तर... आभार मानून त्यांनी फोन ठेवला.

एव्हरिल आता माझ्याकडे असते. माझ्या मागच्या खोलीतून शेजाऱ्याची विटांची भिंत दिसते. सकाळी उठून ती भिंतीकडे बघते आणि म्हणते, आज पण तिथेच आहे. आम्ही दोघी हसतो. त्या दोन पलंगांबद्दल मी तिला काही बोललेले नाही आणि तिनेही विषय काढलेला नाही. टेबलक्लॉथ तेवढा तिच्या घरातून वाचला, कारण तो पुढच्या खोलीत इस्त्रीला ठेवलेला होता. गवताचे डाग निघाले नाहीत.

ती घोरते, ते भिंतीपलीकडून मला ऐकू येतं. स्कारबरोला याच आवाजावर मी चिडायचे. आता तो मध्येच थांबतो तेव्हा मी अंथरुणात उठून बसते, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत मोजत राहते. अजून अकरापर्यंत गेलेलं नाही.